सही करण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



विषय कोणता घेऊ, असे मी चिटणीसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "हल्ली आपल्या आळीत दोन घरांआड एक मूल परदेशी शिकायला निघालंय. त्यावरच बोला. तुम्ही बँकेत होता, शिवाय तुमची मुलगीही जाऊन आली." विषय मला पसंत पडला. मी एकतीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे शैक्षणिक कर्जाच्या टेबलाशी काढली. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना सल्ला देणारे आज उदंड आहेत. त्यांच्या आयांना मात्र कोणी काही सांगत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही; आणि कर्जाच्या कागदावर सही तर पुष्कळदा आईचीही असते. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते आहे मुलांसाठीच, पण ते तुमच्या तोंडून त्यांच्यापर्यंत जावे अशी माझी इच्छा आहे.

माझ्या टेबलापुढे कितीतरी आया बसून गेल्या. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असे: "सही कुठे करू?" मी विचारी, "मुलगा काय शिकणार आहे?" तर उत्तर येई, "ते त्यालाच ठाऊक." "कर्ज किती?" "ते ह्यांना माहीत." घर दोघांच्या नावावर, दागिने बाईंचे, आणि माहिती मात्र कोणालाच नीट नाही! विचारले तर मुलगा हिरमुसेल, शुभकार्यात खोडा घातल्यासारखे होईल, आपल्याला इंग्रजी कोठे येते, अशी नाना कारणे मनात असतात. परंतु मैत्रिणींनो, प्रश्न विचारणे म्हणजे अपशकुन करणे नव्हे.

याचा दाखला आपल्याच घरातला आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षे पुरी झाली होती. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी सभेपुढे भाषण केले. लोक जे जे विचारीत होते, ते त्यांनी स्वतःच सहा प्रश्नांत मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस कशासाठी जायचे, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकटीने का जायचे, परत आल्यावर जातीत घेतील काय, संकट आले तर काय करणार, आणि आजवर कोणा बाईने केले नाही ते आपणच का करावे. मग त्या गेल्या, न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून एम. डी. झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यास त्यांचे क्षयाने निधन झाले, हे आपण सर्व जाणताच. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच, की ज्या काळात समुद्र ओलांडणे हेच पाप मानीत, त्या काळातही त्या मुलीने प्रश्नांना उत्तरे देऊन मगच बोटीत पाय ठेवला. आपल्या मुलांकडून आपण तेवढीच अपेक्षा केली तर काय बिघडले? आनंदीबाईंचे प्रश्न सहा होते. मी पाचच सांगते.

पहिला प्रश्न: कशासाठी? "सगळे जाताहेत म्हणून" हे उत्तर चालावयाचे नाही. मुलाला वा मुलीला समोर बसवा आणि म्हणा, "मला समजेल अशा मराठीत दहा मिनिटं सांग, की तू काय शिकणार, ते इथं का शिकता येत नाही, आणि शिकून आल्यावर कोणतं काम करणार." ज्याला हे सांगता येते, त्याचे डोके स्वच्छ आहे असे समजावे. ज्याला येत नाही, त्याने आणखी सहा महिने विचार करावा. त्याने काही बुडत नाही. परदेशी विद्यापीठांत प्रवेशाच्या अर्जाबरोबर एक निवेदन लिहून द्यावे लागते, त्यात हेच विचारलेले असते. पुष्कळ मुले ते निवेदन दुसऱ्याकडून लिहवून घेतात. आईपुढे जे मराठीत सांगता आले नाही, ते वकिलातीच्या खिडकीपुढे इंग्रजीत कसे सांगता येणार?

येथेच मुलींविषयी एक शब्द बोलते. मुलाला आपण "कशासाठी" हे विचारीत नाही आणि मुलीला त्याखेरीज दुसरे काही विचारीत नाही! लग्नाचे काय, एकटी कशी राहशील, इतका खर्च परक्या घरी जाणाऱ्या मुलीवर कशाला, हे मी टेबलापलीकडून पुष्कळदा ऐकले आहे. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकावयास गेल्या. कमलाबाई सोहोनी यांना १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. तेव्हापासून इतका काळ लोटला, तरी आपण अजून चाचरतो. माझे पाचही प्रश्न मुलाला आणि मुलीला सारखेच आहेत. आणि सही करताना लक्षात ठेवा, की कित्येक बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. ती मागून घ्या.

दुसरा प्रश्न: कोठे, आणि कोणाच्या सांगण्यावरून? आपल्या शहरांतून सल्लागारांची कार्यालये पुष्कळ झाली आहेत. त्यांतील कित्येक चांगलेही आहेत. परंतु जेथे सल्ला फुकट मिळतो, तेथे त्याचे पैसे कोण देतो हे विचारून घ्यावे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांतील पुष्कळ विद्यापीठे मूल दाखल झाले की सल्लागाराला दलाली देतात. यात बेकायदा काही नाही. पण मग तो आपल्याला कोणत्या कॉलेजाचे नाव आग्रहाने सांगेल, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

२०११ च्या जानेवारीत अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ट्राय-व्हॅली नावाच्या विद्यापीठावर सरकारने छापा घातला. त्यात नाव घातलेली बहुतेक मुले भारतीय होती. विद्यापीठ कसले, परवाने विकण्याचे दुकान होते ते! मुलांनी पैसे भरले होते, कर्जे काढली होती. आणि काहींच्या पायांत तर त्यांच्यावर नजर ठेवण्याची कडी अडकविण्यात आली. २०२३ साली कॅनडात दुसरा प्रकार उजेडात आला. पंजाबातून गेलेल्या कित्येक मुलांची प्रवेशपत्रेच बनावट निघाली. मुले तेथे जाऊन शिकली, नोकरीस लागली, आणि कायम राहण्याचा अर्ज केला तेव्हा पहिल्या पत्राचे बिंग फुटले. त्यानंतर, १ डिसेंबर २०२३ पासून, कॅनडाचे सरकार प्रत्येक प्रवेशपत्र त्या कॉलेजाकडून स्वतः पडताळून घेऊ लागले.

यावर उपाय सोपा आहे. परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी कोणत्या संस्थांना आहे, याची यादी अमेरिका, इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील सरकारे उघड प्रसिद्ध करतात. अमेरिकेच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नये. त्या संस्थेच्या पदवीला मान्यता कोणी दिली आहे, तेही पाहावे. मुलाला म्हणावे, "त्या यादीत तुझ्या कॉलेजाचं नाव मला दाखव." पाच मिनिटांचे काम आहे. अर्ज सल्लागाराने भरला तरी पत्ता आणि परवलीचा शब्द मुलाचा स्वतःचा असावा, आणि फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जावी. सल्लागाराच्या खात्यात कधीही नाही. जर्मनीस जाणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना आपली प्रमाणपत्रे दिल्लीच्या ए. पी. एस. या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात, आणि त्याशिवाय व्हिसाचे काम पुढे सरकत नाही.

डॉक्टरीसाठी बाहेर जाणाऱ्यांनी तर "ती पदवी इथं चालेल का?" हे पहिल्यानेच विचारावे. २०२१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या नियमांप्रमाणे शिक्षण किमान ५४ महिन्यांचे आणि इंग्रजी माध्यमातून असावे लागते, त्याच संस्थेत बारा महिन्यांची उमेदवारी करावी लागते, आणि परत आल्यावर येथील परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच. कमी खर्चात डॉक्टर होता येते असे कोणी म्हणाले, तर हा कागद त्याच्यापुढे ठेवा.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. कारण हेच माझे आयुष्यभराचे काम.

प्रथम हे समजून घ्या, की शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील बहुधा सहकर्जदार असतात. सहकर्जदार म्हणजे शिफारस करणारा नव्हे. मुलाने हप्ता भरला नाही तर ते कर्ज तुमचेच. साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सरकारी बँका तारण मागतात, म्हणजे घर किंवा ठेव गहाण पडते. परदेशी शिक्षणाच्या खर्चात आपला हिस्साही घालावा लागतो. बँकांच्या नमुना योजनेत तो शेकडा १५ आहे.

आता सर्वांत मोठा गैरसमज. शिक्षण चालू असताना आणि पुढे साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या काळात व्याज झोपलेले नसते! उदाहरण घेऊ. तीस लाखांचे कर्ज, व्याज दहा टक्के, दोन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सवलतीचे. सरळव्याजाने तीन वर्षांत नऊ लाख झाले. पैसे हप्त्याहप्त्याने उचलले तर थोडे कमी होईल, पण हिशोब कळावा म्हणून पूर्णच धरा. हे नऊ लाख मुद्दलात मिळविले जातात आणि हप्ता सुरू होतो तो एकोणचाळीस लाखांवर. दहा वर्षांत फेडावयाचे म्हटले तर दरमहा सुमारे साडेएक्कावन्न हजार रुपये! आणि शिकत असतानाच घरच्यांनी दरमहा व्याज भरीत गेले, म्हणजे पूर्ण उचल झाल्यावर महिना पंचवीस हजार, तर पुढचा हप्ता चाळीस हजारांच्या आत राहतो. आता मूल तेथे नोकरी न लागता परत आले आणि पुण्यात किंवा नाशकात कामास लागले, तर सुरुवातीच्या पगारातून साडेएक्कावन्न हजार कसे निघणार, हे घरातल्या सर्वांनी एका कागदावर मांडून पाहावे. हा कागद सहीच्या आदल्या दिवशी लिहावयाचा नाही. अर्ज करण्याच्याही आधी लिहावयाचा.

दुसरी गोष्ट नाण्याच्या भावाची. २०१० च्या आरंभी डॉलर ४६ रुपयांच्या आसपास होता. २०२० च्या आरंभी तो ७१ च्या घरात गेला आणि २०२५ च्या डिसेंबरात त्याने ९० ची रेघ ओलांडली. वीस हजार डॉलरची फी पहिल्या भावाने सव्वानऊ लाखांच्या आत बसत होती; शेवटच्या भावाने ती अठरा लाख होते. विद्यापीठाने एक डॉलरही वाढविला नाही, तरी आपली फी वाढली. म्हणून दोन वर्षांच्या शिक्षणाचा अंदाज करताना दुसऱ्या वर्षासाठी शेकडा दहाची तरी पुरचुंडी बाजूला बांधावी.

तिसरी गोष्ट, "तिथं काम करून फी भागवीन" या वाक्याची. मुले हे मनापासून म्हणतात, पण कायदा त्यांना तेवढे काम करू देत नाही. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यापीठाच्याच आवारात आठवड्यास वीस तास. इंग्लंडात पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात वीसच तास. ऑस्ट्रेलियात २०२३ च्या जुलैपासून पंधरवड्यास ४८ तास. कॅनडात २०२४ च्या नोव्हेंबरापासून आठवड्यास २४ तास. जर्मनीत २०२४ पासून वर्षास १४० पूर्ण दिवस. एवढ्यात जेवणाखाण्याचा आणि भाड्याचा काही भाग सुटतो. फी सुटत नाही. आणि जो मुलगा लपूनछपून जास्त तास काम करतो, तो आपला परवानाच पणाला लावतो.

"जर्मनीत फी नाही" हेही तुम्ही ऐकले असेल. ते बरेचसे खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. परंतु बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतात २०१७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रास १५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळ्यापासून अशी फी सुरू केली. शिवाय राहण्याखाण्याचा वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात ठेवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरात ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ती मुलालाच महिन्यास ९९२ युरो याप्रमाणे परत मिळते, पण आधी उभी तर करावी लागते. आमची मुलगी जर्मनीस गेली तेव्हा याच खात्यासाठी आम्ही दोन ठेवी मोडल्या होत्या. आधी ठाऊक असल्यामुळे मोडताना हात थरथरले नाहीत, इतकेच.

कर्जापूर्वी शिष्यवृत्ती पाहा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिकणाऱ्यांसाठी निधी काढला. त्यातून आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते. महिंद्रांच्या शिक्षणनिधीतून बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि केंद्राचीही वेगळी आहे. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमांकाच्या अटी अधूनमधून बदलतात. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. शेजारच्याला मागच्या वर्षी काय सांगितले होते, त्यावर राहू नये.

चौथा प्रश्न: ठरल्याप्रमाणे झाले नाही तर? हा प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते. पण थोरामोठ्यांनाही तो चुकला नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे ते लंडनला शिकू लागले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. येथे त्यांनी नोकरी केली, पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठून शिक्षण पुरे केले. त्या सर्व वर्षांत रमाबाईंनी इकडे संसार कसा ओढला, हे आपण बायकांनी विसरता कामा नये. शिक्षण मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. परत आलेला माणूस हरलेला नसतो. पण पैशाची मुदत आणि शिक्षणाची मुदत जुळते की नाही, हे मात्र निघण्यापूर्वी पाहून ठेवावे.

आजकाल आणखी एक धोका आहे. नियम मध्येच बदलतात. कॅनडाने २०२४ च्या जानेवारीत परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, आणि राहण्याच्या खर्चापोटी जी रक्कम दाखवावी लागे ती दहा हजार डॉलरवरून २०,६३५ केली. २०२५ च्या सप्टेंबरात ती आणखी वाढली. इंग्लंडने २०२४ च्या जानेवारीपासून साध्या एम. ए., एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना बरोबर कुटुंब आणण्याची मुभा काढून घेतली. आणि शिक्षणानंतर तेथे राहण्याची दोन वर्षांची मुदत २०२७ च्या आरंभापासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षावर आणण्याचे ठरविले. अमेरिकेत २०२५ च्या सप्टेंबरात नोकरीच्या एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम निघाला. त्यातून कोण सुटतो, कोण नाही, याचे खुलासे मागाहून निघत राहिले. हे मी घाबरविण्यासाठी सांगत नाही. "शिक्षण झालं की तिथं नोकरी लागेल आणि कर्ज फिटेल" हा एकच हिशोब धरून घर गहाण टाकू नये, एवढ्यासाठी सांगते. दुसरा हिशोब, म्हणजे परत येऊन येथे नोकरी करून फेडण्याचा, तोही मांडलेला असावा. दोन्ही हिशोब बसत असतील तर खुशाल सही करा. पहिलाच बसत असेल तर कर्ज कमी करा, देश बदला, कॉलेज बदला, नाहीतर दोन वर्षे नोकरी करून पैसे साठवून मग जाऊ द्या.

पाचवा प्रश्न: त्याला स्वतःला काय येते? गुणांविषयी मी विचारीत नाही. भात लावता येतो का? कपडे धुता येतात का? ताप आला तर किती अंशापर्यंत वाट पाहावयाची, हे कळते का? निघण्यापूर्वी दोन महिने घरचा एक वेळचा स्वयंपाक त्याच्याकडे सोपवा. खारट झाला तरी बोलू नका. तिकडे फोडणीचा धूर झाला की छतावरची धोक्याची घंटा वाजते, आणि कोठे कोठे बंबसुद्धा येऊन उभा राहतो! आमच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात जिरे-मोहरीच्या फोडणीने सगळी इमारत खाली अंगणात आणली होती. तेव्हा खिडकी आधी उघडावी, मग तेल तापवावे.

दातांची तपासणी येथेच करून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणच्या विम्यात दात धरलेले नसतात. चष्म्याचे दोन जोड द्या. औषधे असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी बरोबर हवी. डबे भरताना त्या देशाचा नियम विचारा. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक जिन्नस उतरताना कागदावर लिहून दाखवावा लागतो. लपविला तर दंड होतो. तुमच्या तुपातल्या लाडवांसाठी पोराला दंड व्हावा असे तुम्हाला वाटत नसेल, तर आधी चौकशी करा.

आणि नाव! आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे, असा क्रम असतो. पासपोर्टवर निराळा, आधारावर आणखी निराळा. परदेशी कार्यालयाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी नाव ठाऊक नसल्याची अक्षरे छापून येतात, आणि मूल तेथे वर्षभर तेच नाव वागवते. हे काम निघण्याच्या वर्षभर आधी उरकावे. विद्यापीठातून शिक्क्याच्या गुणपत्रिका मिळावयालाही आठवडे लागतात.

शेवटी, जे कोणत्याच यादीत नसते ते. तिकडचा पहिला हिवाळा लांब असतो. दुपारी चारला काळोख, खोलीत एकटे, आणि इकडे सगळ्यांना वाटत असते की पोराचे भाग्य उजळले. अशा वेळी मूल फोनवर "मी बरा आहे" एवढेच म्हणते. आपण "मार्क किती पडले?" आणि "नोकरीचं काय झालं?" हे कमी विचारावे. "आज काय जेवलास? कोणाशी बोललास?" असे विचारावे, त्याच्या उत्तरावरून आईला सारे कळते. आणि जाण्यापूर्वी, विमानतळाच्या गर्दीत नव्हे, तर घरी निवांत बसून, एकदा स्पष्ट सांगावे: "तिथं जमलं नाही तर परत ये. कर्ज आपण मिळून फेडू. लोक काय म्हणतील ते मी बघून घेईन." कर्जाच्या ओझ्याने वाकलेली मुले ही गोष्ट आपण होऊन विचारीत नाहीत. ती आपणच आधी सांगून ठेवावी लागते.

मैत्रिणींनो, मी मुलांना जाऊ देऊ नका असे म्हणत नाही. माझी स्वतःची मुलगी गेली, शिकली, आणि जे शिकली त्याचा मला अभिमान आहे. मी म्हणते ते इतकेच, की डोळे मिटून केलेली सही हे प्रेमाचे लक्षण समजू नका.

मंडळापुढे एक सूचना ठेवते आणि माझे बोलणे संपविते. आपल्यातील पंधरावीस जणींची मुले आज बाहेर आहेत. त्यांच्या गाठीला जे ज्ञान आहे ते कोणत्याही कार्यालयात विकत मिळावयाचे नाही. दर महिन्याच्या एका दुपारी या बायकांनी मंडळाच्या खोलीत बसावे, आणि ज्यांची मुले निघाली आहेत त्यांनी मुलांसह, कागदांसह यावे. मंजुरीपत्र वाचावयाचे काम मी करीन. माझा चष्मा अजून चांगला आहे. भजनाच्या आणि भिशीच्या दिवसाला धक्का लागणार नाही, याची हमी चिटणीसबाईंनी दिलेलीच आहे.